रेघ कोण मारतंय ते आधी बघा: अमेरिकेतला वंश आणि प्रतिनिधित्व हा विषय अभ्यासगटात कसा घ्यावा

अमेरिकेतल्या वंशभेदावर बोलायला बसलं की आपल्याकडे बहुतेक जण लिंकनपासून निघतात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापाशी थोडं थांबतात आणि ओबामांवर येऊन विषय संपवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, अन्याय होता, चळवळ झाली, प्रश्न मिटला. मग अलाबामातल्या कृष्णवर्णीय मतदारांना मतदारसंघांच्या नकाशासाठी थेट सुप्रीम कोर्टापर्यंत का जावं लागलं आणि निकालासाठी २०२३ साल का उजाडावं लागलं, हे काही केल्या उलगडत नाही.

मी नाशिकरोडला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते आणि रविवारी सकाळी एक अभ्यासगट चालवते. एमपीएससीची तयारी करणारी मुलंमुली, प्रेसमधून निवृत्त झालेले काका, देवळाली कॅम्पातून येणाऱ्या एक शिक्षिका, पेठ-सुरगाण्याकडून शिकायला आलेली पोरं, असा आमचा मेळा. तिथे हा विषय कसा घेतला की डोक्यात बसतो ते सांगते. सातपूर, ओझर, सिन्नर, कुठेही चार माणसं सतरंजीवर बसत असतील तर जसंच्या तसं करता येईल.

माझं म्हणणं एकच आहे. मत देता येणं वेगळं आणि त्या मताला वजन असणं वेगळं. पहिलं राज्यघटनेत लिहिलेलं असतानाही दुसरं नकाशावरच्या एका रेघेने काढून घेता येतं. म्हणून सुरुवात अत्याचाराच्या गोष्टींनी करू नका. त्या खऱ्या आहेत आणि पुढे याव्याच लागतात, पण त्या आधी आल्या की माणसं हळहळतात आणि विचार करायचं राहून जातं. सुरुवात रेघेने करा.

राजमा, चवळी आणि लोकर

एक ड्रॉइंग पेपर घ्या. त्यावर पाच आडवी, पाच उभी अशी पंचवीस घरं आखा, मागे बसलेल्यालाही दिसतील एवढी मोठी. पंधरा राजमे, दहा चवळ्या आणि लोकरीचे लांब तुकडे जवळ ठेवा. मूग-वाटाणे नकोत, घरंगळतात. उडीद आणि साबुदाणा असा काळा-पांढरा जोडही मुद्दाम टाळा. पोरं रंग बघून बाजू घेतात आणि हिशेब बाजूला पडतो.

डावीकडच्या दोन उभ्या ओळींत चवळी ठेवा, उरलेल्या तीन ओळींत राजमा. हे झालं गाव. चवळीची माणसं एकाच अंगाला का राहतात, हेही इथेच सांगून टाका: दुसरीकडे त्यांना घर कुणी दिलंच नाही. अमेरिकेत १९६८ साली घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाविरुद्ध केंद्राचा कायदा झाला, तोवर घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश बघणं सर्रास चालत होतं.

आता गावाचे पाच मतदारसंघ करायचे. प्रत्येकात पाच घरं, आणि घरं एकमेकांना लागून हवीत. एवढ्याच अटी. लोकर कुणाच्या तरी हातात द्या आणि तुम्ही गप्प बसा.

पहिला माणूस बहुधा सरळ उभ्या रेघा मारतो. चवळीला दोन जागा, राजम्याला तीन. चाळीस टक्के लोक, चाळीस टक्के जागा; सगळ्यांना पटतं. मग लोकर उचला आणि आडव्या रेघा मारायला लावा. आता प्रत्येक मतदारसंघात दोन चवळ्या आणि तीन राजमे. पाचही जागा राजम्याच्या. एकही दाणा हलला नाही, एकाचंही मत कुणी हिसकावलं नाही, आणि दहा चवळ्यांना एकही प्रतिनिधी उरला नाही.

तिसरी पद्धत तुम्ही दाखवा. डावीकडची पहिली उभी ओळ अख्खी एका मतदारसंघात टाका. तिथे चवळी पाच-शून्य जिंकते. उरलेल्या पाच चवळ्या बाकीच्या चार मतदारसंघांत दोन, एक, एक, एक अशा वाटा. चवळीला एकच जागा. विजय दणदणीत दिसतो, पण तीन मतांत जे काम झालं असतं त्यावर पाच खर्च झाली.

चौथी पद्धत त्यांनाच शोधू द्या. इशारा एवढाच द्या: तीन, तीन, तीन, एक, शून्य. मतदारसंघ वेडेवाकडे होतात, लोकर दोन-चारदा उचलावी लागते, पण जमतं. चाळीस टक्के चवळीला पाचातल्या तीन जागा, म्हणजे चक्क बहुमत. हे सापडलं की सगळे एकदम बोलायला लागतात. बोलू द्या.

त्याच माणसांतून, त्याच मतांतून शून्य, एक, दोन आणि तीन जागा निघाल्या. तिकडे पांगवण्याला क्रॅकिंग म्हणतात, कोंबण्याला पॅकिंग आणि या सगळ्या उद्योगाला जेरीमँडरिंग. हे शब्द आता सांगा, आधी नको.

लोकर कुणाच्या हातात

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो, आणि त्याच्या अध्यक्षपदी सुप्रीम कोर्टाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते, प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा राज्यांत नव्याने वाटल्या जातात, आणि मग बहुतेक राज्यांत विधिमंडळच नकाशा काढतं. म्हणजे तिथले आमदार स्वतःच्या मतदारसंघाची रेघसुद्धा मारतात. ॲरिझोना, मिशिगन अशा काही राज्यांनी हे काम स्वतंत्र आयोगाकडे दिलं आहे. २०२० च्या जनगणनेनंतर एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६१ हजार लोक येतात, त्यामुळे रेघ एक गल्ली सरकली तरी हिशेब बदलतो.

२०१९ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पक्षाच्या फायद्यासाठी केलेलं जेरीमँडरिंग केंद्रीय न्यायालयं तपासणार नाहीत. वंशावरून केलेलं मात्र तपासता येतं. इथे गटाला जरा थांबवा आणि विचारा, मग पुढचा युक्तिवाद काय असेल? दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्येने डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात, हे लक्षात घेऊन कुणीतरी उत्तर काढतंच: "आम्ही कृष्णवर्णीयांना नाही, डेमोक्रॅटना बाजूला केलं." साउथ कॅरोलायनाने २०२४ च्या खटल्यात हाच बचाव केला, आणि वंश व पक्ष वेगळे करून दाखवण्याचं ओझं कोर्टाने तक्रारदारांवर टाकलं.

एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, पण चवळी चवळीलाच मत देईल हे कशावरून?" कुणी विचारला नाही तर तुम्ही काढा. दाण्याला मत नसतं, माणसाला असतं. केवळ वंशावरून माणसाचं मत गृहीत धरणं हाही एक अन्यायच आहे. अमेरिकन कायदा या प्रश्नाभोवती फिरत आला आहे. १९८६ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या खटल्यात, म्हणजे थॉर्नबर्ग विरुद्ध गिंगल्समध्ये, कोर्टाने तीन कसोट्या घातल्या. अल्पसंख्य समाज एका सलग मतदारसंघात बहुसंख्य होण्याइतका मोठा आणि एकवटलेला आहे का? तो एकजुटीने मत देतो का? आणि बहुसंख्य समाज त्याचा उमेदवार सहसा पाडेल इतक्या एकजुटीने उलट मत देतो का? हे गृहीत धरायचं नाही, कोर्टात सिद्ध करायचं. मतपत्रिकेवर वंश लिहिलेला नसतो, म्हणून तज्ज्ञ मतदान केंद्रनिहाय निकाल आणि तिथली वस्ती समोरासमोर ठेवून पॅटर्न काढतात. तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. राजमे थोडेफार चवळीला मत देत असतील तर आडव्या रेघांनीही कुणाचं फार बिघडत नाही. कुणीच देत नसेल, तेव्हाच ती रेघ गळफास होते.

इतिहास घ्या, पण दोन आकड्यांवर उभा करून

मतदाराचा वंश बघून मत नाकारता येणार नाही, असं सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० सालची. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये गेले आणि साउथ कॅरोलायनातून जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात. ही दोन नावं आपल्या मुलांना माहीतच नसतात. गुलामगिरी संपून पाच वर्षं झाली होती आणि कृष्णवर्णीय माणूस सिनेटर झाला होता.

मग फळ्यावर एकाखाली एक लिहा: लुइझियाना, १८९६: १,३०,३३४. लुइझियाना, १९०४: १,३४२. हे नोंदणी झालेले कृष्णवर्णीय मतदार. आठ वर्षांत यादी जवळजवळ पुसली गेली, आणि घटनादुरुस्तीचं एक अक्षरही बदललं नव्हतं. कसं केलं? मत द्यायचं तर कर भरा. वाचता-लिहिता येतं का ते दाखवा, आणि परीक्षा घेणारा गोरा अधिकारी. लुइझियानाने १८९८ मध्ये गरीब, निरक्षर गोऱ्यांसाठी एक पळवाटही ठेवली: १ जानेवारी १८६७ पूर्वी ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मत होतं, त्याला अट माफ. त्या तारखेआधी कुणाच्या आजोबांना मत होतं, हे मुलं स्वतःच सांगतात. १९०१ साली नॉर्थ कॅरोलायनाचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी जॉर्ज व्हाइट प्रतिनिधिगृहातून बाहेर पडले. त्यानंतर १९२९ पर्यंत अमेरिकन काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय नव्हता, आणि दक्षिणेतून पुन्हा कुणी पोचायला १९७३ उजाडलं.

पेठ-सुरगाण्याची मुलं समोर असतात म्हणून मी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा भाग कधी गाळत नाही. ज्यांची जमीन, त्या सगळ्यांना नागरिकत्व मिळालं १९२४ साली. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत त्यानंतरही १९४८ पर्यंत त्यांना मतदानापासून अडवून ठेवलं होतं.

यादीवरून नाव पुसणं अवघड झालं तेव्हा पेन नकाशाकडे वळलं. यासाठी टस्कीगीचा नकाशा फळ्यावर स्वतः काढा. अलाबामातलं हे छोटं शहर आकाराने चौकोनी होतं. तिथले कृष्णवर्णीय प्राध्यापक, कर्मचारी नेटाने मतदार यादीत येत होते. १९५७ साली राज्याच्या विधिमंडळाने शहराची हद्द बदलली. चौकोनाच्या आत आता दुसऱ्या रंगाच्या खडूने आत-बाहेर, आत-बाहेर अशी नागमोडी रेघ मारत जा आणि बाजू मोजायला सांगा. नव्या हद्दीला अठ्ठावीस बाजू होत्या. सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच वगळता सगळे एका कायद्याने शहराबाहेर गेले, गोरा एकही गेला नाही. चार्ल्स गोमिलियन या प्राध्यापकांनी खटला लढवला आणि १९६० साली सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. खडू हातात असताना हे सांगितलं की वेगळं समजवावं लागत नाही.

पुढचा टप्पा मुलांनी पुस्तकांत वाचलेला असतो, म्हणून मी भरभर घेते. ७ मार्च १९६५ ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांना झालेली मारहाण, ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा. मिसिसिपीत नोंदणी झालेले कृष्णवर्णीय मतदार ६.७ टक्के होते, १९६७ पर्यंत ५९.८ टक्के झाले. या कायद्यातली सर्वांत धारदार तरतूद कलम ५: भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी निवडणुकीचा कुठलाही नियम, कुठलीही सीमा बदलण्याआधी केंद्राची किंवा वॉशिंग्टनच्या न्यायालयाची मंजुरी घ्यायची. नुकसान झाल्यावर कोर्टात धावण्याऐवजी आधीच अडवायचं. कोणत्या राज्यांना हे लागू, ते ठरवणारं सूत्र सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये शेल्बी काउंटी खटल्यात रद्द केलं, आणि कलम ५ कागदावर राहिलं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला सर्वांत मोठा घाव तो आहे.

आपल्या प्रभागावरून अलाबामातलं मोबाइल शहर समजावताना

एक गोष्ट नाशिककरांना इतरांपेक्षा लवकर कळते. आपल्या महापालिकेत बहुधा चार सदस्यांचा प्रभाग असतो. मतदान यंत्रावर अ, ब, क, ड अशा जागा, आणि त्या प्रभागातला प्रत्येक मतदार चारही जागांसाठी वेगवेगळं बटण दाबतो. गटाला विचारा: प्रभागात एखाद्या समाजाची एक तृतीयांश मतं आहेत, आरक्षण काहीच नाही, आणि बाकीच्यांनी एकजूट केली, तर त्या समाजाला चारातल्या किती जागा? हिशेब करायला दोन मिनिटं द्या. एकही नाही. अ ही जागा बहुसंख्यांची, ब सुद्धा त्यांची, चारही त्यांची.

अलाबामातल्या मोबाइल शहरात नेमकं हेच होतं. तिघांचं आयुक्त मंडळ १९११ पासून अख्ख्या शहराच्या मतांवर निवडलं जायचं. लोकसंख्येत एक तृतीयांशाहून जास्त कृष्णवर्णीय, आणि मंडळावर कधीच एकही नाही. १९८० साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, भेदभावाचा हेतू सिद्ध करा. हेतू कोण लिहून ठेवतो? तिथल्या संसदेने १९८२ मध्ये मतदान हक्क कायद्याचं कलम २ सुधारून सांगितलं की परिणाम भेदभावाचा असेल तरी पुरे. वर सांगितलेल्या तीन कसोट्या याच सुधारणेतून आल्या.

आपल्याकडे या अडचणीवर आरक्षणाचा उपाय आहे, म्हणून चर्चा तिकडे वळतेच. वळू द्या, पण फरक नीट मांडा. देवळाली विधानसभा अनुसूचित जातींसाठी राखीव. दिंडोरी, कळवण, बागलाण, इगतपुरी अनुसूचित जमातींसाठी. तिथे उमेदवार कोण असावा हे ठरलेलं, मतदार मात्र सगळे. अमेरिकेत याच्या नेमकं उलट: उमेदवार कुणीही उभा राहू शकतो, रेघ अशी मारतात की मतदारांत त्या समाजाचं बहुमत व्हावं. पुणे कराराच्या वेळी, १९३२ साली, आपल्याकडे जो वाद झाला, तो हाच. समाजाचा प्रतिनिधी समाजाने निवडायचा की सगळ्यांनी? काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सत्याग्रह झालेल्या शहरात हा प्रश्न परका वाटत नाही. आणि डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, एवढं जवळचं हे नातं आहे.

पण जात म्हणजेच वंश असं फळ्यावर लिहू नका. तिकडे सरकारनेच वंशाची घरं वेळोवेळी बदलली आहेत, आणि याचं उत्तम उदाहरण आपणच आहोत. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ साली सुप्रीम कोर्टाने 'गोरे' मानायला नकार दिला, आणि नागरिकत्व गेलं. १९७० च्या जनगणनेत भारतीयांची मोजदाद गोऱ्यांत झाली. १९८० पासून 'एशियन इंडियन' हे वेगळं घर आलं. तुमच्या नात्यातलं कुणी न्यू जर्सीत असेल तर त्यांनी २०२० च्या जनगणनेचा अर्ज कसा भरला ते विचारून या, असा गृहपाठ मी देते. लॅटिनो मूळ हा त्या अर्जात वंशापासून वेगळा प्रश्न होता, हेही त्यातून कळतं.

शेवटची बैठक: अलाबामा, लुइझियाना, डेट्रॉइट

अलाबामात सात जागा, कृष्णवर्णीय लोकसंख्या सुमारे २७ टक्के, आणि त्यांचं बहुमत असलेला मतदारसंघ एकच. २०२३ च्या मिलिगन खटल्यात सुप्रीम कोर्टाने तक्रारदारांची बाजू उचलून धरली. नवा नकाशा आला आणि २०२४ मध्ये दुसऱ्या मतदारसंघातून शोमारी फिगर्स हे कृष्णवर्णीय उमेदवार निवडून आले. मात्र १९९३ चा नॉर्थ कॅरोलायनाचा खटलाही याच्या शेजारी ठेवा. तिथे महामार्गाला धरून सुमारे १६० मैल लांब ओढलेल्या मतदारसंघाबद्दल कोर्ट म्हणालं होतं की वंशाखेरीज ज्याला दुसरं कारणच दिसत नाही, अशी रेघही घटनेच्या कसोटीवर तपासावी लागेल. राजमा-चवळीची चौथी पद्धत आठवून मुलं स्वतःच वाद घालतात. लुइझियानात सहा जागा आहेत. तिथे दुसरा कृष्णवर्णीय बहुमताचा मतदारसंघ आखल्यावर तोच नकाशा सुप्रीम कोर्टात नेला गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर फेरयुक्तिवाद झाला. बैठकीच्या आदल्या दिवशी या खटल्याच्या ताज्या बातम्या काढून ठेवा, कारण कलम २ चं भवितव्य त्यात गुंतलेलं होतं.

डेट्रॉइट मात्र सर्वांत शेवटी घ्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून निवडून आले, तेव्हा आपल्याकडे मराठी माणसाचा विजय म्हणून बातम्या आल्या, आणि अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण या मतदारसंघात डेट्रॉइटचा बहुतेक भाग येतो, आणि त्या शहरात तीन चतुर्थांशांहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. नकाशा स्वतंत्र आयोगाने काढलेला होता. पक्षांतर्गत निवडणुकीत कृष्णवर्णीय उमेदवार अनेक होते, त्यांची मतं विभागली, आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर उमेदवार ठरले.

गटाचे दोन भाग करा. एकाने मांडायचं की प्रतिनिधी कोणत्या समाजाचा आहे यापेक्षा तो काय करतो ते बघावं. दुसऱ्याने मांडायचं की ज्या समाजाला शंभर वर्षं दाराबाहेर ठेवलं, त्याचा माणूस आत दिसणं हेही लोकशाहीत मोजावं लागतं. मग बाजू बदला. बाजू बदलायला लावल्याशिवाय सोडू नका.

माझं मत मी वाद संपल्यावर सांगते. दोष ठाणेदारांचा नाही, मतदारांचाही नाही. सत्तरहून जास्त टक्के लोकांनी दुसऱ्या कुणाला तरी पसंत केलेलं असताना उमेदवारी मिळते, ती पद्धत तपासायला हवी. मेन आणि अलास्का या राज्यांत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. तसंच इथे करून बघा: प्रत्येकाला चिठ्ठी द्या, पाच कल्पित उमेदवारांना क्रम लावायला सांगा, सर्वांत कमी पहिली पसंती मिळालेल्याला बाद करून त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीकडे सरकवा, आणि कुणाला तरी निम्म्याहून जास्त मिळेपर्यंत मोजत राहा. त्याच चिठ्ठ्या आधी फक्त पहिल्या पसंतीवर मोजून ठेवलेल्या असतील, तर दोन्ही निकाल शेजारी शेजारी लिहिता येतात.